तळ्यात दिलेली लेक

माझ्या सासूबाईंना मुलगी नव्हती. मुलगे तीन, आणि तिघेही जेवायच्या वेळेलाच घरात आहेत हे कळायचं. मुलगी नाही म्हणून त्या रडत बसल्या नाहीत, तो त्यांचा स्वभाव नव्हता. पण पंचमी जवळ आली की गावातल्या लेकी माहेरी यायला लागायच्या, आणि ह्या बाई कामधाम टाकून दारात उभ्या. कोणाची पोट्टी गाडीबैलानं आली, कोणाची रोडावली, कोणाच्या हातात नव्या बांगड्या, सगळं बघायच्या आणि आत येऊन मला सांगायच्या. सांगता सांगता गप्प व्हायच्या.

मी त्यांची पहिली सून, अकोल्याची. लग्नात सगळे म्हणाले, सून नाही, लेकच आली घरात. लग्न आटोपल्यावर हे वाक्य कोणी पुन्हा उच्चारलं नाही. मीही सूनच राहिले. पहाटे उठून भाकरी थापायची, गडीमाणसांच्या न्याहाऱ्या बांधायच्या, डोक्यावरचा पदर सांभाळायचा. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवंनवं झालं होतं. आमच्या चुलीला त्याची खबर नव्हती.

गाव बडनेऱ्याच्या अलीकडे, तळ्याकाठी. काळी जमीन, कापूस आणि ज्वारी, आणि गावाच्या खालच्या अंगाला ते जुनं तळं. तळ्यात मासे धरणाऱ्या भोयांचे शिंगाडे. दसरा झाला की भोईण हिरव्या-काळ्या शिंगाड्यांची टोपली डोक्यावर घेऊन पहिल्यांदा आमच्या दारी यायची, कारण सासूबाईंचे उपास. एकादशी, चतुर्थी, सोमवार. आठवड्यात उपासाचे दिवस जास्त की जेवणाचे, असा माझा यजमानांना प्रश्न असायचा. ताजे शिंगाडे उकडून खायचे, उरलेले वाळवून पीठ करायचं. भोईण माझ्याच वयाची होती. तिची आई ती लहान असतानाच गेली होती, बापानं दुसरं लग्न केलं होतं, त्यामुळे पंचमीला ती कुठंच जायची नाही. आमच्या ओसरीवर बसून चहा प्यायची आणि सासूबाईंशी बोलायची. दोघींचं जमायचं. एकीला लेक नव्हती, दुसरीला माय. हे त्यांना कधी सुचलं नाही, मला मात्र पहिल्याच वर्षी दिसलं होतं आणि, खरं सांगते, फारसं आवडलं नव्हतं.

धाकटे दीर रेल्वेत लागले होते. कसल्याशा शिक्षणासाठी त्यांना मद्रासकडे पाठवलं होतं. माणसं तिकडून लुगडी आणतात. आमच्या दिरांनी रॉकेलच्या डब्यात मासे आणले. डब्याच्या झाकणाला भोकं पाडली होती आणि गाडीत दर स्टेशनावर नवं पाणी भरलं होतं, असं ते मोठ्या फुशारकीनं सांगत होते. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं मी मनात म्हटलं, कारण त्या डब्याचं काय करायचं ते शेवटी माझ्याच गळ्यात पडणार होतं.

“परदेशातले हायेत,” दीर म्हणाले. “तिकडचे लोक काचेच्या हंडीत पोसतात, विहिरीत सोडतात. पाणी साफ राह्यते, डास होत नाई.”

यात कोणाला नवल वाटलं नाही. आमच्या विहिरीत त्याच कामासाठी कासव सोडलेलं होतंच. सासऱ्यांनी फक्त विचारलं, “खाता येतात का?” सासूबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की तो विषय तिथंच मिटला. आमच्या घरात मटण व्हायचं, पण अंगणातल्या वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यात, आणि पुरुषांनीच करून खायचं. सासूबाई त्या दिवशी तिकडे फिरकायच्या नाहीत.

बरेचसे मासे प्रवासातच मेले होते. एक काळपट नर आणि एक करडी मादी, एवढीच जोडी जिवंत निघाली. त्यांना परसातल्या दगडी हौदात सोडलं, जिथं बैल पाणी पीत. सासूबाई सुरुवातीला लांबूनच बघायच्या. मग ज्वारीचा कोंडा टाकायला लागल्या, मग कणकेच्या गोळ्या. महिन्याभरात अशी गत झाली की त्यांची सावली हौदावर पडली की मादी वर यायची आणि तोंड उघडून थांबायची. “आली माही बाई,” सासूबाई म्हणायच्या. आणि बाईला कणीक चारता चारता सुरू व्हायच्या: “खाय व पोरी, तू तरी येळेवर खाय. घरातल्या माणसायले काय, आठवणच राह्यत नाई डाळीत मीठ टाकाची.” लेकी बोले सुने लागे, ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. तिचा अर्थ मला एका मासोळीनं शिकवला.

मग एके दिवशी मादीनं खाणं सोडलं. गोळी नाकासमोरून खाली जायची, ती ढुंकून बघायची नाही. एका कोपऱ्यात उभी राहायची, गालफडं फुगलेली. सासूबाईंचा जीव खालीवर.

“पोरी, पाह्य बरं इकडे. हिले गालगुंड झालं.”

मला हसू आवरेना. त्यांनी हळद उगाळून हौदात ओतली. बैल बिचारे पिवळं पाणी प्यायले. मादीला काही फरक पडला नाही. सासूबाई रोज सकाळ-संध्याकाळ हौदाशी जाऊन उभ्या राहायच्या आणि तोंड पाडून परत यायच्या.

एका संध्याकाळी त्यांनी मला अशी हाक मारली की मला वाटलं, साप निघाला. धावत गेले. मादीनं तोंड उघडलं होतं आणि त्यातून बारीक बारीक पिल्लं बाहेर पडत होती, राईच्या दाण्यांएवढी, डोळेच डोळे. ती तिच्या तोंडापुढं घोळक्यानं फिरत होती. मी वाकले, माझी सावली पाण्यावर पडली आणि सगळीच्या सगळी पिल्लं परत तिच्या तोंडात शिरली. तिनं तोंड मिटलं. गालफडं पुन्हा फुगली.

सासूबाई हौदाच्या कडेवर मटकन बसल्या.

“उपाशी होती व हे,” त्या म्हणाल्या. “तोंडात लेकरं धरून इतले दिवस उपाशी. अन् मी हिले हळद पाजून रायली.” आणि त्या रडल्या. मी त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं.

मला मात्र राग आला. मला तेव्हा दिवस होते, सुरुवातीचे, अन्नाचा वास आला की पोटात ढवळायचं, आणि माझ्या उपाशीपणाची कोणी इतकी दखल घेतली नव्हती. ते माझ्या तोंडावर दिसलं असणार. सासूबाईंनी डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं.

“तुले काय खाव वाटते?” त्यांनी विचारलं.

“अंबाडीची भाजी,” मी फटकन म्हणाले.

त्या रात्री त्यांनी स्वतःच्या हातानं अंबाडीची भाजी केली, वरून लसणाचं तेल घातलं, आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहिल्या. माशामुळे का होईना, पण बसल्या. तेव्हापासून मला त्या मासोळीचा मत्सर वाटेनासा झाला. पूर्ण नाही, पण बराचसा.

मी बाळंतपणाला अकोल्याला गेले. पोर घेऊन परत आले तोवर हौदाचं रूप पालटलं होतं. पाणी दिसतच नव्हतं, नुसती वळवळ. मादी विते, पिल्लं वाढतात, त्यांच्यातल्या माद्या पुन्हा तोंड फुगवून कोपरा धरतात. सासूबाई सगळ्यांची सरबराई करत होत्या. पण बैल हौदाला तोंड लावेनात. पाण्याला वास यायला लागला. ऐन उन्हाळ्यात सासरे बैलांना विहिरीवर नेऊन पाणी पाजून पाजून वैतागले.

“आता एक त हे राह्यतीन, नाई त माहे बैल,” ते म्हणाले. “भोयाले बोलाव. तो नेईन अन् खाईन.”

“लेकीचं लेकरू कोणी कापाले देते का?” सासूबाई म्हणाल्या.

लेक हा शब्द त्यांनी तेव्हा पहिल्यांदा उघड उच्चारला. सासऱ्यांनी दावी उचलली आणि बैल घेऊन विहिरीवर गेले. तेही शेवटी बापच होते, लेक नसलेले.

मग तोड निघाली ती सासूबाईंच्या डोक्यातून. लेक जन्मभर माहेरी ठेवता येत नाही. तिला चांगल्या घरी द्यायची. पावसानं तळं भरणार होतं, भोईण आपली होती. पंचमी होऊ द्यायची आणि मग, गावातल्या लेकी जशा सासरी निघतात, तशी हिची पाठवणी करायची. मला हे हास्यास्पद वाटलं नाही, हे आज लिहिताना मलाच आश्चर्य वाटतं. मी स्वतः पुरणपोळ्या केल्या.

पंचमीनंतर आम्ही तळ्यावर गेलो. हौद रिकामा करून सगळी प्रजा घागरीत आणि डब्यांत भरली होती. थोरली मादी मात्र वेगळ्या पितळी गुंडात, म्हणजे पाण्याच्या मोठ्या भांड्यात, होती. सासूबाईंनी गुंडाला हळदकुंकू लावलं. ओटीचे गहू, हळकुंड, सुपारी आणि खोबऱ्याची वाटी पाण्यात सोडली. गहू खाली गेले, खोबरं तरंगत राहिलं. भोईण गुडघाभर पाण्यात उभी होती, नवऱ्याबरोबर. तिच्या पलीकडे शिंगाड्याचे कोवळे वेल नुकतेच पाण्यावर पसरू लागले होते.

“तुह्या घरी लेक देऊन रायली, बाई,” सासूबाई तिला म्हणाल्या. “जाळ्यात आली त सोडजो. तिची अन् तिच्या लेकरायची तुले आण हाय.”

भोईण हसली नाही. तिनं ओंजळीत तळ्याचं पाणी घेतलं आणि कपाळाला लावलं.

“पाण्याची आण, माय,” ती म्हणाली. “आमी धरणार नाई.”

भोयानं पाण्याची शपथ घेतली म्हणजे काय, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. ज्यावर पोट त्याचीच आण. आम्ही गुंड तिरका केला. मादी बाहेर पडली, जरा वेळ काठाशी तोंड करून थांबली. सासूबाई म्हणाल्या, “जा व पोरी.” ती गेली.

त्या वर्षी शिंगाडे आले, नेहमीसारखेच. दुसऱ्या वर्षी भोईण अर्धीच टोपली घेऊन आली आणि वेल लागले नाहीत म्हणाली. त्याच्या पुढच्या वर्षी टोपलीच्या तळाशी थोडे किडके शिंगाडे होते, आणि ते सासूबाईंना देताना तिला लाज वाटत होती. त्यानंतर ती आलीच नाही. सासूबाईंनी अमरावतीहून शिंगाड्याचं पीठ मागवलं. त्या पिठाला खवट वास होता. “यंदा काय झालं तिले?” त्या मला विचारत राहायच्या. मला काय माहीत? तिसऱ्या पोराच्या वेळचे दिवस होते माझे, माझं मलाच होत नव्हतं.

पुढच्या दसऱ्याआधी गोधड्या धुवायला मी गड्याबरोबर तळ्यावर गेले. शिंगाड्याचा एक वेल पाण्यावर नव्हता. काठाजवळच्या उथळ पाण्याखाली नुसता गाळ दिसत होता आणि त्यात ताटाएवढे खड्डेच खड्डे, कोणी मुद्दाम कोरल्यासारखे. भोईण आणि तिचा नवरा जाळं ओढत होते. जाळं जड होतं. मला वाटलं, चला, मासळी तरी चांगली लागली. जाळं काठाला आलं आणि मी बघतच राहिले. दोघं वाकून त्यातले मासे एकेक उचलून परत पाण्यात टाकत होते. करडे, काळपट, वीतभर वाढलेले. जवळजवळ सगळंच जाळं त्यांनी तळ्यात रिकामं केलं. शेवटी टोपलीत काय राहिलं? मूठभर झिंगे आणि एक लहानशी मरळ.

“हे काय करून रायल्या तुमी?” मी ओरडलेच.

भोईणीनं मला पाहिलं, आणि चोरी पकडल्यासारखा तिचा चेहरा झाला.

“तुमच्या माहेरवाशिणीचा गोतावळा हाय ना, वहिनी,” तिचा नवरा म्हणाला. त्याच्या बोलण्यात कुजकेपणा नव्हता, नुसता थकवा होता. “खालून गाळ उकरते, वेलाचं मूळ सुटते. कोवळं पान खाते. दुसरे मासे राह्यले नाईत. बाकीचे भोई गेले दुसऱ्या तळ्यावर. आमी आणीत अडकलो.”

भोईणीची धाकटी पोर काठावर बसून नुसती भाकरी चावत होती. कोरडीच.

भीड भिकेची बहीण म्हणतात, ती अशी. मी गोधड्या ओल्याच गाडीत टाकल्या. वाटभर मला एकच चिंता: हे सासूबाईंना सांगायचं कसं? त्यांची लेक दुसऱ्या एका लेकीचं घर खाऊन बसली होती. ओसरीवर पोचेपर्यंत मी चार प्रकारे वाक्य जुळवलं आणि पाचव्याच प्रकारे, रडत, सांगून टाकलं.

त्या दिवशी उपास नव्हता, तरी सासूबाई जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी चपला घातल्या आणि म्हणाल्या, “चाल.”

तळ्यावर भोईण जाळं झाडत होती.

“कावून सांगतलं नाई मले?” सासूबाईंनी विचारलं. आवाज मोठा होता, पण राग तिच्यावर नव्हता.

भोईण खाली बघत म्हणाली, “लेकीची चुगली माहेरी कोन करते, माय?”

सासूबाईंनी जाळ्याकडे पाहिलं. मग त्या म्हणाल्या, “टाक जाळं.”

“आण हाय पाण्याची.”

“टाक म्हणते ना.”

जाळं पडलं, ओढलं, काठाशी आलं. सासूबाईंनी लुगडं वर खोचलं आणि पाण्यात उतरल्या. जन्मात मासळीला हात न लावलेली बाई. त्यांनी जाळ्यात हात घातला आणि एक मोठी मादी दोन्ही हातांनी धरली. ती तडफडली, तिचं तोंड उघडलं आणि पिल्लांचा घोळका सासूबाईंच्या ओल्या हातांवर सांडला. राईच्या दाण्यांएवढी. डोळेच डोळे.

मी काठावरून पाहत होते. मला वाटलं, आता ह्या सोडणार. कोणीही सोडली असती. पिल्लं हातावरून ओघळून पाण्यात गेली. मादी त्यांनी सोडली नाही. तशीच धरून भोईणीपर्यंत चालत गेल्या आणि तिच्या टोपलीत ठेवली. मग ओंजळीत पाणी घेतलं, भोईणीच्या कपाळाला लावलं आणि उरलेलं तळ्यात सोडून दिलं.

“सुटली तुही आण,” त्या म्हणाल्या. “मी घातली, मीच सोडवली. धरा, विका, लेकरायले खाऊ घाला. चूक माही झाली. लेक ते नव्हती, बाई. लेक दारात येऊन बसत होती, मले दिसली नाई.”

भोईण टोपली तशीच टाकून त्यांच्या गळ्यात पडली. दोघी गुडघाभर पाण्यात उभ्या राहून रडत होत्या, आणि मी काठावर. तिचा नवरा तोंड फिरवून उगाच जाळ्याच्या गाठी तपासत बसला.

त्यानंतर भोईण आणि तिच्या नवऱ्यानं ते मासे मन लावून धरले. बडनेऱ्याच्या बाजारात त्यांना चिलापी म्हणायला लागले. भाव कमी, पण रोजचं जाळं भरायचं, आणि त्यावर तिची पोरं वाढली. एवढं धरूनही चिलापी संपली नाही. ती कशी संपणार? लेकरं तोंडात सांभाळणाऱ्या आईला कोण हरवणार? पुढे मला कळलं की ती आसपासच्या इतर तळ्यांतही पोचली होती. आमच्या दिरांसारखे हौशी लोक गावोगाव होतेच. शिंगाडे मात्र आमच्या तळ्यात पुन्हा झाले नाहीत. भोईणीनं दोनदा वेल लावून पाहिले, मग नाद सोडला.

पुढच्या पंचमीला सासूबाईंनी तिला निरोप धाडून माहेरी बोलावलं. ती नवं लुगडं नेसून, पोरांना घेऊन, अगदी माहेरी आल्यासारखी आली. पुरणपोळ्या मीच केल्या. संध्याकाळी निघताना सासूबाईंनी तिला पाटावर बसवलं आणि तिच्या पदरात गहू घातले, हळकुंड, सुपारी, खोबऱ्याची वाटी, वर चोळीचा खण. मग आतून एक पुरचुंडी आणून ओटीत ठेवली. अमरावतीच्या बाजारातून आणवलेले वाळके शिंगाडे होते.

भोईणीनं त्यातला एक उचलला, दातांखाली फोडला आणि सावकाश चावला.

“आपल्या तळ्यातल्यावानी गोड नाईत, माय,” ती म्हणाली.

“नाईत, पोरी,” सासूबाई म्हणाल्या, आणि तिच्या पदराची गाठ घट्ट बांधून दिली.